थांबायचं कधी?

चांदवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर शाखेच्या तिसऱ्या वर्षाला 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन' हा विषय असतो. अभ्यासक्रम पुणे विद्यापीठाचा. मुलं त्याला 'टीओसी' म्हणतात. यात कीबोर्डवर काही चालवून बघायचं नसतं, सगळं काम कागदावरचं, म्हणून तो अनेकांना रुक्ष वाटतो. पण याच विषयाच्या शेवटाकडे एक विधान येतं आणि ते मार्कांपुरतं पाठ करून सोडून देण्यासारखं नाही. काही प्रश्न असे आहेत की ते कुठलाच संगणक सोडवू शकत नाही. आजचा नाही, उद्याचा नाही, कितीही वेगवान केला आणि हवी तेवढी मेमरी दिली तरी नाही. ही कुणाची शंका किंवा भीती नव्हे. हे सिद्ध झालेलं गणित आहे.

आपल्या भागातल्या माणसाला या विधानापर्यंत पोचायला केंब्रिजहून सुरुवात करायची गरज नाही. चांदवडहून महामार्गाने नाशिक गाठलं आणि पुढे देवळालीला गेलं तरी पुरतं. १९३० ते १९६२ या काळात देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शिक्षण ठाण्याला आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. पदवी बी.एस्सी.ची, पुढचं औपचारिक शिक्षण नाही. शाळा सुटल्यावर उरलेला वेळ संख्यांचा. त्यांच्या संख्यांच्या खेळांना गणितातल्या मोठ्या मंडळींनी बराच काळ फारसं महत्त्व दिलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगाला देवळाली कळली.

कापरेकरांची सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे ६१७४. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. १९३६ घेऊन बघू. ९६३१ वजा १३६९ म्हणजे ८२६२. पुढे ८६२२ वजा २२६८, आले ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ केलं की ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४ च. साखळी इथे थांबते. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येता.

हे कापरेकरांना १९४६ मध्ये सापडलं, म्हणजे भारतात संगणक येण्याच्या कितीतरी आधी. ०००१ सारख्या, शून्याने सुरू होणाऱ्याही धरल्या तर अशा संख्या ९,९९० आहेत. हाताने सगळ्या तपासायच्या तर वह्याच्या वह्या लागतील असं वाटतं. पण जरा जवळून बघा. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ धरले तर पहिली वजाबाकी नेहमी ९९९ गुणिले (क−घ) अधिक ९० गुणिले (ख−ग) एवढी येते. क−घ हा फरक १ ते ९ मधला काहीही असू शकतो आणि ख−ग हा फरक त्याहून मोठा असू शकत नाही. म्हणजे फरक १ असेल तर दुसऱ्यासाठी दोन पर्याय, २ असेल तर तीन, असं करत ९ ला दहा. बेरीज ५४. पहिल्याच पायरीला ९,९९० संख्यांचा सगळा पसारा ५४ संख्यांवर येऊन पडतो! तेवढ्या तपासायला एक दुपार पुरते. मला ६१७४ या आकड्यापेक्षा हे ५४ जास्त सुंदर वाटतात, कारण साखळी का थांबते आणि आपल्याला ते खात्रीने का सांगता येतं, दोन्ही त्यातच आहे.

पाच अंकी संख्या घेतल्या तर सगळ्यांना ओढून घेणारा असा एकच आकडा नाही. ५३९५५ पासून ५९९९४ येतो आणि त्यापासून परत ५३९५५. साखळी चक्रात फिरत राहते. तरीही इथे संगणकाची अडचण होत नाही. अंकांची संख्या ठरलेली असेल तर सगळ्या शक्य संख्या मोजून संपणाऱ्या असतात. एकामागून एक लिहीत गेलं की कधीतरी आधीची एखादी संख्या पुन्हा येणारच. ती आली की कळलं, इथून पुढे हेच. संगणकाला फक्त येऊन गेलेल्या संख्या लक्षात ठेवायच्या आहेत.

कापरेकरांच्या 'स्वयंभू' संख्यांचंही असंच. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: ९१ मध्ये १० मिळवले की १०१. म्हणजे ९१ ही १०१ ची जननी. जिला अशी जननीच नाही, ती स्वयंभू. २०, ३१, ४२, ९७ या तशा. देवळालीच्या नावानेही त्या ओळखल्या जातात. ९७ ला जननी नाही हे कसं ठरवायचं? दोन अंकांची बेरीज १८ च्या वर जात नाही, म्हणून ७९ ते ९६ एवढ्याच संख्या बघायच्या. त्यांतली एकही ९७ देत नाही. विषय संपला. किती शोधायचं ते आधीच ठाऊक असेल तर 'नाही' हे उत्तरही ठामपणे देता येतं.

आता नियमात थोडासा बदल करू. वजाबाकीऐवजी बेरीज: संख्या उलटी लिहायची आणि मूळ संख्येत मिळवायची. उलटसुलट सारखीच वाचता येणारी संख्या आली की थांबायचं. ८७ अधिक ७८, १६५. त्यात ५६१, ७२६. त्यात ६२७, १३५३. त्यात ३५३१, ४८८४. थांबलो. ८९ ला जरा दम लागतो. चोवीस पायऱ्यांनंतर ८८१३२०००२३१८८ येते. आणि मग १९६. १९६ अधिक ६९१ म्हणजे ८८७, मग १६७५, मग ७४३६, मग १३७८३... ही साखळी आजवर थांबलेली नाही. १९८७ मध्ये जॉन वॉकर यांनी ती एका संगणकावर लावून दिली. १९९० मध्ये संख्या दहा लाख अंकी झाली तरी उलटसुलट सारखी काही आली नाही. २०१५ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने ती शंभर कोटी अंकांपर्यंत नेली. तरी नाही.

फरक कुठे पडला? वजाबाकीत संख्या चार अंकांच्या कुंपणात होती. बेरजेत ती वाढतच जाते, आधीची संख्या पुन्हा येण्याचा प्रश्नच नाही. १९६ ची साखळी थांबणारी असेल तर संगणक कधीतरी ते सांगेल. थांबणारी नसेल तर मात्र तो काहीच सांगणार नाही, नुसता चालत राहील. आणि चालत राहिलेल्या संगणकाकडे बघून आपल्याला कळत नाही की अजून थोडं थांबावं की उठून जावं. शंभर कोटी अंकांच्या पुढच्याच पायरीवर उत्तर असेल, किंवा कुठेच नसेल.

म्हणून मनात येतं की चालवून बघण्यापेक्षा प्रोग्राम वाचूनच सांगता आलं पाहिजे. एक असा प्रोग्राम लिहू, ज्याला दुसरा कुठलाही प्रोग्राम आणि त्याला द्यायची माहिती दिली की तो अभ्यास करून सांगेल: 'हा थांबेल' किंवा 'हा कधीच थांबणार नाही.' असा प्रोग्राम हाती असता तर गणितातले कितीतरी जुने प्रश्न एका रात्रीत निकालात निघाले असते. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाखचा अंदाज १७४२ पासून सिद्ध व्हायचा राहिला आहे. एकेक सम संख्या तपासत जाणारा आणि अंदाजाला न जुळणारी सापडली की थांबणारा प्रोग्राम दहा-बारा ओळींत लिहून होतो. तो थांबेल का एवढं कुणी सांगितलं की गोल्डबाखचा निकाल लागला.

असा सर्वज्ञ प्रोग्राम असूच शकत नाही हे केंब्रिजच्या ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ च्या निबंधात दाखवलं. तेव्हा त्यांचं वय चोवीस होतं आणि आज आपण ज्याला संगणक म्हणतो तसं यंत्र जगात कुठे नव्हतं. (त्यांचे वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, मद्रास इलाख्यात होते, आईचा जन्मही दक्षिण भारतातलाच.) जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९२८ मध्ये विचारलं होतं की कुठलंही गणिती विधान खरं की खोटं हे ठरवणारी एक यांत्रिक पद्धत मिळेल का. ट्युरिंगनी आधी 'यांत्रिक पद्धत' म्हणजे नेमकं काय ते ठरवलं: लांबच लांब पट्टी, तिच्यावर चौकोन, एका वेळी एका चौकोनावरचं चिन्ह वाचणारं, पुसणारं, लिहिणारं यंत्र आणि मोजके नियम. मग त्या यंत्राच्या मर्यादेला हात घातला. अमेरिकेत अलोन्झो चर्च त्याच वर्षी वेगळ्या वाटेने तिथेच पोचले होते.

पुराव्याचा गाभा आजच्या भाषेत सांगतो, तो सावकाश वाचण्यासारखा आहे. समजा, असा प्रोग्राम आहे. त्याला 'निवाडा' म्हणू. आता आपण दुसरा प्रोग्राम लिहू, 'उफराटा'. उफराट्याला कुठलाही प्रोग्राम दिला की तो निवाड्याला विचारतो, 'या प्रोग्रामला त्याचाच मजकूर वाचायला दिला तर तो थांबेल का?' निवाडा म्हणाला 'थांबेल', तर उफराटा मुद्दाम न संपणाऱ्या चक्रात शिरतो. निवाडा म्हणाला 'थांबणार नाही', तर उफराटा तत्काळ थांबतो. निवाडा तयार असेल तर उफराटा लिहायला काहीच कठीण नाही.

आता उफराट्याला उफराट्याचाच मजकूर द्या. तो थांबेल का? निवाडा म्हणाला 'थांबेल', तर तो थांबत नाही. निवाडा म्हणाला 'थांबणार नाही', तर तो थांबतो. निवाडा काहीही म्हणाला तरी चुकतोच. उफराट्यात काही खोट नाही, तो साधा प्रोग्राम आहे. खोट एकाच ठिकाणी असू शकते: निवाडा आहे हे आपण धरलं तिथे. तेव्हा निवाडा नाही, आणि कधी होणारही नाही.

याबाबत दोन गैरसमज नेहमी होतात. पहिला वेगाचा. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्याच्याशी तुलना केली तर आजचे महासंगणक कुठल्या कुठे गेले आहेत. पण ट्युरिंगच्या पुराव्यात वेगाचा उल्लेखच नाही. त्यांच्या यंत्राला वेळ हवा तेवढा आहे आणि पट्टीही कधी न संपणारी. वास्तवातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा त्याला जास्तच मोकळीक दिलेली आहे, तरी ते अडतं. क्वांटम संगणक काही कामं फार लवकर करील, पण तो जे करतो ते साधा संगणकही, भले युगं लागोत, करू शकतो. त्यामुळे ही भिंत त्यालाही तशीच. कृत्रिम बुद्धिमत्ताही शेवटी संगणकावर चालणारा प्रोग्रामच आहे.

दुसरा गैरसमज उलट्या बाजूचा, आणि तो मला जास्त घातक वाटतो. ट्युरिंगनी सिद्ध केलं म्हणजे आता कुठल्याच प्रोग्रामबद्दल काही सांगता येत नाही, असं नव्हे. कापरेकरांच्या साखळीबद्दल आपण सगळं सांगितलं. १९६ चा प्रश्नही कायमचा सुटणार नाही असं पुराव्यात कुठेच नाही. हाच बेरजेचा खेळ फक्त ० आणि १ वापरून, द्विमान पद्धतीत खेळला तर १०११० ही संख्या कधीच उलटसुलट सारखी होत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. तिच्या साखळीत ठरावीक पायऱ्यांनी एकच ठेवण पुन्हा पुन्हा येते, आणि ती कुणीतरी ओळखली. अशक्य आहे ते एवढंच: सगळ्या प्रोग्रामना एकदम लागू पडणारी, कधीही न चुकणारी एकच पद्धत. प्रत्येक नव्या प्रश्नासाठी नवी नजर लागू शकते.

याचा व्यवहारातला परिणाम आपल्या घरातल्या संगणकावर रोज दिसतो. १९९० च्या दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी अँटिव्हायरस बनवला, तो पुढे 'क्विक हील' म्हणून देशभर गेला. हा किंवा जगातला दुसरा कुठलाही अँटिव्हायरस सतत अपडेट का करावा लागतो? एकदाच असा पक्का प्रोग्राम का लिहीत नाहीत, जो कुठलाही व्हायरस, जुना असो की अजून जन्माला यायचा असो, हमखास ओळखेल? कारण तसा लिहिताच येत नाही. संगणकीय व्हायरसचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू करणारे अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच हे दाखवलं, आणि युक्ती उफराट्याचीच. ओळखणाऱ्याने 'व्हायरस आहे' म्हटलं तर गप्प बसणारा आणि 'नाही' म्हटलं तर पसरणारा प्रोग्राम लिहायचा. याच्याही आधी, १९५३ मध्ये, हेन्री राइस यांनी व्यापक प्रमेय सिद्ध केलं होतं: प्रोग्राम चालल्यावर काय करेल याबद्दलचा कुठलाही अर्थपूर्ण प्रश्न सर्वच प्रोग्रामसाठी सोडवणारी पद्धत नाही. तेव्हा प्रोग्राम तपासणारी साधनं कुठेतरी एक पाऊल मागे घेतात. काही व्हायरस निसटतात, किंवा निरपराध फाइलवर संशय येतो.

थांबायचं कधी, हा पेच संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. तो बघायला आता देवळालीकडे पाठ करून पूर्वेला वळू. चांदवड ज्या सातमाळा डोंगररांगेत वसलं आहे, ती पूर्वेकडे अंकाई-टंकाईवरून पुढे जात अजिंठ्याच्या डोंगरांना मिळते. तिकडे, चाळीसगावजवळ, पाटण आहे. तिथल्या शिलालेखात म्हटलंय की गणिती भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. लेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. मुख्य भाग संस्कृतात, पण शेवटाकडे, पाटणला विक्रीला येणाऱ्या मालातला किती हिस्सा मठाला द्यायचा हे सांगताना, भाषा जुनी मराठी होते. गणिताच्या शिक्षणाची सोय करणारे मराठीतले इतके जुने शब्द आपल्या डोंगररांगेत दगडावर कोरलेले आहेत, याचं मला फार अप्रूप आहे.

त्या ग्रंथांपैकी बीजगणितात एक उदाहरण आहे. अशी पूर्ण संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की येणारी संख्याही पूर्ण वर्ग असेल. ऐकायला किरकोळ वाटतं. ६१ च्या जागी ६० असता तर उत्तर ४: सोळा साठे ९६०, अधिक १, ९६१ म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ असता तर उत्तर ८: चौसष्ट गुणिले बासष्ट ३९६८, अधिक १, म्हणजे ६३ चा वर्ग. शेजारच्या दोन्ही घरी उत्तर एक अंकी. ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. १, २, ३ करत शोधणाऱ्याला हजाराला काही मिळत नाही, लाखाला नाही, कोटीला नाही. कुठल्याही क्षणी 'उत्तरच नाही' म्हणून तो उठला असता तर चुकला असता. भास्कराचार्यांनी हे शोधत बसून काढलं नाही. ब्रह्मगुप्तांच्या 'भावना' या रीतीवर उभारलेल्या 'चक्रवाल' पद्धतीने मोजक्या पायऱ्यांत काढलं. संख्या पूर्ण वर्ग नसेल तर अशा समीकरणाला उत्तर असतंच, हे अठराव्या शतकात लाग्रांज यांनी सिद्ध केलं. आणि चक्रवाल प्रत्येक वेळी थांबतंच हे विसाव्या शतकात म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दाखवलं. (कवी ए. के. रामानुजन यांचे हे वडील.)

या एका जातीच्या समीकरणांसाठी जे झालं ते सगळ्यांसाठी होईल का? १९०० मध्ये हिल्बर्ट यांनी नव्या शतकापुढे ठेवलेल्या प्रश्नांत दहावा हाच होता: पूर्णांक सहगुणकांचं कुठलंही समीकरण दिलं, त्यात चलं कितीही असोत, तर त्याला पूर्णांकांत उत्तर आहे की नाही हे ठरवणारी रीत द्या. सत्तर वर्षं गेली. मार्टिन डेव्हिस, हिलरी पुटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांनी वाट बरीच तयार केली आणि १९७० मध्ये रशियाच्या युरी मातियासेविच यांनी शेवटचा दुवा जोडला. अशी रीत नाही. कुठल्याही प्रोग्रामचं चालणं समीकरणात असं गुंफता येतं की प्रोग्राम थांबला तरच समीकरणाला उत्तर असावं. मग अशी रीत असती तर निवाडाही असता.

त्यामुळे पूर्णांकांच्या शोधात आजही तोच जुना पेच पडतो. तीन घनांची बेरीज, ऋण संख्याही चालतील, ४२ यावी यासाठी १७ अंकी संख्या लागल्या आणि त्या २०१९ मध्ये सापडल्या. ११४ साठी अजून सापडलेल्या नाहीत. शोध चालू आहे. पूर्णांकांच्या पलीकडे जाऊन बीजगणितातल्या त्यांच्या विस्तारित रूपांचं काय, हा प्रश्न मात्र अगदी अलीकडे सुटला. २०२४ च्या शेवटी पीटर कोयमान्स आणि कार्लो पगानो यांनी आणि लगोलग, स्वतंत्रपणे, आणखी एका गटाने सिद्ध केलं की तिथेही अशी रीत नाही. त्या गटात गणिती मंजुल भार्गव आहेत. आजोबांमुळे संस्कृत ग्रंथांशी त्यांची लहानपणापासून ओळख होती आणि ब्रह्मगुप्तांच्या त्याच 'भावना' रीतीतून आपल्याला संशोधनाची दिशा मिळाली असं त्यांनी सांगितलेलं आहे. अपूर्णांकांतली उत्तरं चालत असतील, तर ती आहेत की नाहीत हे ठरवणारी रीत असेल का, याचा निकाल अजून लागलेला नाही.